एका सतरंजीवर चार वयं: मिरजेतल्या घरशाळेची वही

16 जून 2025, सोमवार

आज इथल्या शाळा उघडल्या. आमचीही उघडली, पण घरातच. मुलं चार. थोरली 12 वर्षांची, मधला 9 चा, धाकटा 6 चा आणि शेंडेफळ अडीच वर्षांची. थोरली सहावीपर्यंत आणि मधला तिसरीपर्यंत शाळेत गेले आहेत.

शाळेतून काढण्याचं कारण साधं आहे. थोरली हिफ्ज करते, म्हणजे कुरआन पाठ करते. फजरनंतर (पहाटेच्या नमाजनंतर) कुरआन शिकवणाऱ्या आपांकडे सबक (नवा धडा), मग शाळा, संध्याकाळी पुन्हा मंजिल (जुन्या पाठाची उजळणी), रात्री गृहपाठ. मार्चमध्ये एका रात्री ती हातात घास धरूनच ताटावर झोपली. त्या रात्री आम्ही दोघं बोललो. मी बी.कॉम. आहे, शिकवण्याचं प्रशिक्षण नाही. ह्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, सकाळी नऊला जातात ते रात्री आठला येतात. घरात सासूबाई आहेत. जागा म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढचा सोपा. शाळा सोप्यात भरणार.

आजवरचा खर्च: फळा 900 रुपये, लाकडी रेहाल (कुरआन ठेवून वाचायचं स्टँड) दोन 360, वह्या आणि खडू 420. पहिली, चौथी आणि सातवीची बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात म्हणून मोबाइलवर उतरवून घेतली. ही पहिली चूक. एक मोबाइल आणि तीन मुलं. दुपारी दुकानात जाऊन तिन्ही संच विकत आणले, 1,140 रुपये.

वेळापत्रक मी तक्ता आखून भिंतीवर लावलं होतं. प्रत्येक मुलाचे रोज सहा तास, प्रत्येक तास अर्ध्या तासाचा. तिघांचे मिळून अठरा. आज त्यातले सात झाले.

19 जून, गुरुवार

चौथ्याच दिवशी तक्ता काढला. मी धाकट्याला घेऊन बसते तेव्हा मधला पेन्सिलीला टोक करत बसतो, आणि मधल्याला भागाकार सांगते तेव्हा शेंडेफळ माझ्या पाठीवर चढलेली असते. काल तिने सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकावर तांब्या ओतला. पुस्तक दोरीवर वाळत घातलंय.

आज उलटं केलं. नऊ वाजता सगळ्यात आधी शेंडेफळ. वीस मिनिटं फक्त तिची, बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही. तिला मांडीवर घेतलं, गाणी म्हटली, बोटं मोजली. मग ज्वारीचा डबा आणि चार वाट्या तिच्यापुढे ठेवल्या. हा डबा त्या वेळेलाच निघतो, एरवी फळीवर. ती पाऊण तास एकटी खेळली. एवढे दिवस मी तिला गप्प करायला बघत होते. तिचं पोट आधी भरायला हवं होतं.

25 जून, बुधवार

विषयांची वाटणी बदलली. नाजरा (कुरआन बघून वाचणं) आणि हिफ्ज, गणित, मराठी वाचन-लेखन: हे ज्याचं त्याचं. इतिहास, परिसर, विज्ञान, सीरत (पैगंबरांचं चरित्र), चित्रकला: हे सगळ्यांचं एकत्र, एकाच सतरंजीवर.

पहिल्या दोन दिवसांत एकत्रही जमलं नाही. मी मधल्याला झेपेल अशा बेतानं सांगत होते. थोरलीला ते बाळबोध वाटलं आणि धाकट्याच्या डोक्यावरून गेलं. म्हणजे कुणाचंच झालं नाही.

आज हिजरतीचा, म्हणजे पैगंबरांच्या स्थलांतराचा, प्रसंग घेतला आणि थोरलीला सांगावा तसा पूर्ण सांगितला. इसवी सन 622, मक्केतून मदिनेकडे, नेहमीची वाट सोडून का गेले, सौरच्या गुहेत किती रात्री काढल्या. सुरू करण्याआधी धाकट्याला एकच काम दिलं: या गोष्टीत एक सांडणी आहे, ती कुठं बसते ते पकडायचं. तो शेवटपर्यंत कान टवकारून बसला होता. ती सांडणी, कसवा, मदिनेत जिथं बसली तिथंच मशीद उभी राहिली, हे आल्याबरोबर ओरडला. मधल्यानं वाटेचा नकाशा काढला. थोरलीनं पानभर लिहिलं. सांगणं एकच, पण मागणं तिघांकडून वेगळं. पंचेचाळीस मिनिटांत तिघांचा एक विषय झाला. असा वेगवेगळा घेतला असता तर दीड तास गेला असता.

7 जुलै, सोमवार

काल मोहरमची दहावी, म्हणजे आशुरा, आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली. आम्ही कडेगावला नणंदेकडे होतो. तिथले गगनचुंबी ताबूत दोन्ही समाजांची माणसं मिळून उभे करतात आणि बघायला लांबून लोक येतात. शेजारच्या घरात आषाढीचा उपास, नणंदेच्या घरात आशुऱ्याचा रोजा. मधल्यानं विचारलं, "दोन्ही दर वर्षी एकाच दिवशी येतात?"

आजचा पूर्ण दिवस त्या प्रश्नावर गेला. भिंतीवरचं कॅलेंडर काढून सतरंजीवर अंथरलं. दोन्हीकडचे महिने चंद्राचेच, मग मोहरम उन्हाळ्यातही येतो आणि आषाढी पावसाळा सोडत नाही, असं का? थोरलीनं हिशेब मांडला: चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सौर 365 चं, फरक 11. हिजरी सन तो फरक तसाच सोडतो, म्हणून दर वर्षी मागे सरकतो. पंचांग साधारण तीन वर्षांनी अधिक महिना घालून तो भरून काढतं. पुढच्या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे आषाढी 25 जुलैला जाणार आणि आशुरा जूनमध्येच होऊन गेलेला असणार.

मग मधल्यानं अजून एक पकडलं. तारीख दहावी आणि तिथी अकरावी, असा एकाचा फरक का? उत्तर मला लगेच आलं नाही. रात्री हे म्हणाले, चांद दिसल्यावर आपला पहिला दिवस. अमावस्येनंतर चंद्रकोर बघायला मिळेपर्यंत पंचांगाची प्रतिपदा उलटलेली असते, म्हणून आपण एका दिवसानं मागे. धाकटा रोज रात्री चंद्र बघून वहीत तसा काढणार आहे. त्याचं काम तेवढंच.

एक सांगते. हा दिवस वेळापत्रकात नव्हता आणि गणिताचा तास बुडाला. तरी तो बुडाला असं मी धरत नाही.

28 जुलै, सोमवार

पाच आठवडे वाया गेले आणि चूक पूर्ण माझी. धाकट्याला मराठी मुळाक्षरं आणि अरबीचा कायदा (अक्षरओळखीचं पुस्तक) एकाच आठवड्यात सुरू केला होता, दोन्ही लिहायलाही. गेल्या आठवड्यात तो 'कमल' उजवीकडून लिहू लागला. 12 ला 21 म्हणू लागला. मी घाबरले, त्याच्या समजेतच काही अडचण आहे की काय असं वाटलं. रागावलेही. मग तो वही लपवायला लागला.

आपांना विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, लिहिणं एकाच लिपीचं ठेवा, दुसरीचं नुसतं वाचणं. आता असं चालू आहे: अरबी सकाळी, आतल्या खोलीत, रेहालवर, बोट ठेवून फक्त वाचायची. मराठी दहानंतर, सोप्यात, पाटी-पेन्सिल घेऊन लिहायची. कायद्याच्या पानाला उजव्या कडेला हिरवा ठिपका, मराठी वहीला डाव्या कडेला लाल. ठिपक्यापासून निघायचं. अरबी लिहिणं दिवाळीनंतर. (12 ऑगस्टची भर: बाराव्या-तेराव्या दिवसापासून उलटं लिहिणं थांबलं.)

उच्चारांचंही इथंच लिहिते, कारण मराठी बोलणाऱ्या घरांत हे सगळ्यांकडे होणार. आपल्या मराठीत दोन 'ज' आहेत. जेवणातला वेगळा, जाडमधला वेगळा. अरबीतल्या जीम या अक्षराला जेवणातला चालतो. पण झे हे अक्षर आलं की मुलं जाडमधला 'ज' लावतात, आणि तो जवळचा वाटला तरी चूक आहे, कारण त्यात जीभ टेकते. झेला जीभ टेकवायची नाही, हवा सुरू ठेवायची. मधमाशीसारखा आवाज काढत तिघांनाही गोल बसवलं. धाकट्याला दोन दिवसांत आलं. त्याच्यात काही चुकीचं बसलेलंच नव्हतं. थोरलीच्या पाठ झालेल्या कुरआनाच्या तीन सूरांमध्ये (अध्यायांमध्ये) ती चूक पक्की बसली आहे, ती काढायला महिना जाईल असं आपा म्हणाल्या. मोठ्या काफला (घशातून काढायच्या 'क'ला) तर अजून कुणाचाच घसा उघडत नाही.

22 ऑगस्ट, शुक्रवार

आठवडाभर पाऊस. कोयना धरणातून विसर्ग वाढला की सांगली-मिरजेतलं प्रत्येक घर आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीचा आकडा विचारू लागतं. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2019 ला 57 च्या वर गेलं होतं. तेव्हा थोरली सहा वर्षांची होती, तिला पाहुण्यांनी भरलेलं घर आठवतं, पाणी आठवत नाही.

मुलांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच, म्हणून तेच घेतलं. मधल्यानं चौकटीच्या वहीत आलेख काढला, सकाळ-संध्याकाळ एक ठिपका. पहिला आलेख फसला. त्यानं खालून शून्यापासून सुरुवात करून एका चौकटीला पाच फूट धरले, त्यामुळे फुटाफुटाची वाढ दिसेचना, रेघ जवळजवळ आडवी. दुसरा 15 फुटांपासून सुरू केला, एका चौकटीला एक फूट, मग चढ दिसला. थोरलीनं तासाला किती इंच वाढतंय ते काढलं आणि 45 गाठायला किती तास लागतील याचा अंदाज बांधला. अंदाज चुकला. का चुकला यावर ती कोयना, वारणा आणि हरिपूरचा संगम नकाशात शोधत बसली.

धाकट्यासाठी सोप्याच्या भिंतीवर एका फुटाला एक इंच धरून खुणा केल्या. 40 वर पिवळी, 45 वर लाल, 57 वर काळी. तो स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला. त्याची उंची 44 इंच. लाल खूण डोक्याच्या जरा वर. काळी खूण त्याच्या हातालाही लागेना. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्यानं विचारलं, "2019 ला खालच्या गल्लीतली माणसं कुठं गेली?" सासूबाईंनी सांगायला सुरुवात केली आणि मी फळा पुसून तिथंच बसले.

15 सप्टेंबर, सोमवार

ही नोंद लिहायला चार दिवस लागले.

गुरुवारी आपांचा निरोप आला, एकदा येऊन जा. थोरलीची मंजिल कच्ची झाली होती. कुरआनाचा अठ्ठाविसावा पारा (भाग) ती एप्रिलमध्ये एका दमात म्हणायची, त्यात आता सात ठिकाणी अडखळली. आपा रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "घरी ही कुणाला ऐकवते?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन ही वही आणि मुलांच्या वह्या समोर घेतल्या आणि गेल्या दहा दिवसांचे तास मांडले. थोरलीनं धाकट्याचा कायदा घेतला, मधल्याचे पाढे घेतले, शेंडेफळला सांभाळलं: एकोणीस तास. मी थोरलीजवळ बसले: साडेसहा तास. तिच्या सातवीच्या गणिताचे चार पाठ मागे पडले होते. ते मला माहीतही नव्हतं, कारण ती कधी तक्रार करत नाही.

बाहेरचे लोक मला म्हणायचे, मोठी मुलगी आहे, तुम्हाला केवढी मदत. मीही अभिमानानं मान हलवायची. हिफ्जसाठी तिला शाळेतून काढलं आणि घरी आणून शिक्षिका केलं.

रात्री तिला जवळ घेऊन विचारलं, मला सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, "मला राग नव्हता आला, अम्मी. मला वाटलं हेच माझं काम आहे."

मी तिची माफी मागितली. आज सकाळपासून बदल असे:

फजरनंतर सात वाजेपर्यंतचा वेळ फक्त थोरलीचा. बाकीचे झोपलेले असतात. कुरआन माझ्या हातात, ती म्हणते, मी ऐकते. आधी मंजिल, मग सबकी (अलीकडच्या धड्यांची उजळणी), सबक शेवटी. आधी आम्ही उलटं करायचो, नव्या सबकाची घाई असायची.

भावंडांसाठी तिनं दिवसाला वीस मिनिटं द्यायची, तीही ती निवडेल त्याच कामाला. तिनं शेंडेफळला गोष्ट वाचून दाखवणं निवडलं. पाढे सोडले.

पाढे सासूबाईंकडे गेले. त्या चौथीपर्यंतच शिकल्या, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं तोंडपाठ. त्या भाजी निवडतात आणि मधला समोर बसून म्हणतो. हे मला तीन महिन्यांत सुचलं नव्हतं.

12 ऑक्टोबर, रविवार

मधल्याचा अपूर्णांक अडलेला आहे. अर्धा आणि पाव भाकरीवर कळतो, पण दोन तृतीयांश आणि तीन चतुर्थांश यातलं मोठं कोणतं म्हटलं की हातावर हात ठेवून बसतो. भाकऱ्या कापल्या, दोऱ्या कापल्या, कागद रंगवले.

आज सगळ्यांना सतारमेकर गल्लीत नेलं. मिरजेत राहून मुलांनी ते काम कधी आत बसून बघितलं नव्हतं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, दांडीला तून लाकूड. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कारागीर चाचांनी जवारी काढताना (तारेचा आवाज जुळवताना) दाखवलं: घोडीचा (तारा टेकतात त्या पट्टीचा) माथा कानसेनं घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. थोरलीनं विचारलं, मोजत कसं नाही? ते म्हणाले, कानानं मोजतो.

मधला पडद्यांकडे बघत होता. दांडीवर ते सारख्या अंतरावर नसतात, भोपळ्याकडे जवळ जवळ येत जातात. त्यानं का म्हणून विचारलं आणि चाचांनी तार अर्ध्यावर दाबून वाजवली. वरचा सा. मग दोन तृतीयांशावर. पंचम. माझ्या डोक्यात लगेच पुढचा आठवडा उभा राहिला.

आमच्यात वाद्याबद्दल मतभेद आहेत, काही घरं मुलांना हात लावू देत नाहीत. आम्ही घरी बोलून ठरवलं. ज्या गावात मीरासाहेबांच्या दर्ग्याशी गायक अब्दुल करीम खाँसाहेब विसावले आहेत, तिथल्या मुलांना तार कशी बोलते ते कळू द्यावं, असं आमचं मत पडलं. ज्यांना नको त्यांनी दोरी आणि पट्टीवर करावं, आवाज मिळणार नाही एवढंच.

18 ऑक्टोबर, शनिवार

फळीवर एक तार बसवायला पूर्ण आठवडा गेला. करणाऱ्यांसाठी क्रमानं लिहिते.

सोमवारी दुकानातली वायंडिंगची तांब्याची तार लावली. फुकट होती म्हणून. ती ताणली की लांबत जाते, आवाज उतरत जातो, शेवटी तुटली. मंगळवारी चाचांकडून पोलादी तार आणली, त्यांनी पैसे घेतले नाहीत. बुधवारी प्लायवूडची पातळ फळी ताणानं वाकली. गुरुवारी सुताराकडून दीड इंच जाड फळी, 120 रुपये. एका टोकाला खिळा, दुसऱ्याला डोळ्याचा स्क्रू, तो पिळला की तार ताणते. दोन्ही टोकांना पेन्सिलीचे तुकडे घोड्या म्हणून.

आणि शुक्रवारी माझी खरी चूक कळली. दोन घोड्यांमधलं अंतर मी मोजलंच नव्हतं. ते निघालं 57 सेंटिमीटर. 57 चं निम्मं साडेअठ्ठावीस, पाऊण म्हणजे 42.75. मधल्यानं वही मिटली. आज सकाळी घोडी सरकवून बरोबर 60 केलं. 60 ला निम्मं 30, दोन तृतीयांश 40, पाऊण 45, चार पंचमांश 48. सगळं पूर्ण.

तिसरी पेन्सिल तारेखाली सरकवायची, डावीकडचा भाग छेडायचा. 30 वर वरचा सा. 40 वर प. 45 वर म. 48 वर ग. 45 ची खूण करायला मधला पट्टी शोधत होता, तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "साठाची पाऊणकी पंचेचाळीस!" तो पळत आत गेला, बाहेर आला आणि पट्टी लावली. मग स्वतःच म्हणाला, दोन तृतीयांश चाळीसावर आहे, पाऊण पंचेचाळीसावर, म्हणजे पाऊण मोठा.

धाकट्यानं खुणांवर रंगीत कागद चिकटवले. थोरलीनं उलटा हिशेब घेतला: पडद्यांमधली अंतरं भोपळ्याकडे कमी का होत जातात. तिनं कुणालाही शिकवलं नाही. आपलं गणित करत बसली होती.

24 नोव्हेंबर, सोमवार

थोरलीचे मागे पडलेले पाठ भरून निघाले. अपूर्णांकांची बेरीज पक्की व्हावी म्हणून फराइज घेतलं, वारसाहक्काचे हिस्से. कुरआनात ठरवून दिलेले हिस्से सहाच: निम्मा, पाव, एक अष्टमांश, दोन तृतीयांश, एक तृतीयांश, एक षष्ठांश. छेद समान करण्याचा याहून चांगला सराव मला सापडला नाही.

उदाहरण असं बनवलं: एक माणूस वारला, मागे 72 गुंठे जमीन, बायको, आई, एक मुलगा, एक मुलगी. बायकोला अष्टमांश 9, आईला षष्ठांश 12, उरले 51. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे 34 आणि 17. बेरीज 72. मधल्यानं त्याच जमिनीचा चौकटींच्या कागदावर नकाशा रंगवला.

थोरलीनं उत्तर बरोबर काढलं आणि विचारलं, "मुलीला 17 का?" मी जे शिकले ते सांगितलं: घरखर्चाची, बायको-पोरांची जबाबदारी पुरुषावर टाकली आहे, आणि मुलीच्या हिश्शावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. तिचं पूर्ण समाधान झालं नाही, ते मला दिसलं. मी विषय दाबला नाही. तिनं प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय, आपांना विचारायचा म्हणून. त्याखाली मीही एक लिहिला: आपल्याकडे किती मुलींना हे 17 सुद्धा मिळतात?

5 जानेवारी 2026, सोमवार

कागदपत्रांचं एकदा लिहून ठेवते, सारखं विचारलं जातं. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात 6 ते 14 वयाचा विचार आहे, घरशाळेची वेगळी नोंदणी त्यात नाही. आम्ही धरलेली वाट एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या) मुक्त मूलभूत शिक्षणाची: तिथं अ, ब, क हे टप्पे तिसरी, पाचवी, आठवीला समान धरतात, आणि दहावीला बसायला 14 वर्षं पूर्ण लागतात. राज्य मंडळाच्या दहावीला खाजगी बसायचं तर 17 नंबरचा फॉर्म. शाळा सोडल्याचे दाखले मात्र काढतानाच घेऊन ठेवा. मधल्याच्या दाखल्यात नावाची वेलांटी चुकली होती, दुरुस्तीला चार फेऱ्या झाल्या.

मधल्याचं अक्षर अजून वाईट आहे.

23 फेब्रुवारी, सोमवार

रमजान सुरू झाला आणि पहिल्या तीन दिवसांत पुन्हा जूनमधली चूक केली. नेहमीचंच वेळापत्रक रेटलं. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता थोरलीचं डोकं दुखत होतं, मी धाकट्यावर खेकसले आणि रोज्यात खेकसले म्हणून दिवसभर वाईट वाटत राहिलं.

आता गणित सहेरी (रोज्याआधीचं पहाटेचं खाणं) आणि फजरनंतर एक तास, तेव्हा डोकं ताजं असतं. मग साडेनऊपर्यंत झोप. दहा ते बारा फक्त एकत्र ऐकण्याचे विषय. जोहरनंतर (दुपारच्या नमाजनंतर) कुरआनशिवाय काही नाही.

या आठवड्याचा एकत्र विषय जकात, मालमत्तेतून द्यायचं ठरलेलं दान. ह्यांच्या दुकानातला माल तिघांनी मोजला. मधल्यानं तारेची रिळं वजन करून किलोत लिहिली, थोरलीनं किंमत धरून देणं वजा केलं. चांदीचा निसाब (जकात लागू होण्याची किमान मर्यादा) 612 ग्रॅम, सोन्याचा साडेसत्त्याऐंशी, तो भाव पेपरात बघून तिनं ताडून पाहिला. मग अडीच टक्के. अडीच टक्के म्हणजे चाळिसावा भाग, हे धाकट्याला चिंचोक्यांवर दिलं: चाळीस मोज, एक बाजूला ठेव. चारशे चिंचोके संपेपर्यंत तो उठला नाही. दहा बाजूला निघाले. त्यानं ते मूठभर चिंचोके उचलून शेजारच्या मुलाला देऊन टाकले आणि रिकाम्या हातानं परत आला.

30 मार्च, सोमवार

ईद झाली. वर्षाचा हिशेब: पुस्तकं, वह्या, फळा, फळी, रंग धरून 5,870 रुपये. आपांची फी यात नाही. पूर्ण फुकट गेलेला वेळ मी आठ आठवडे धरते. पाच धाकट्याच्या लिपीचे, एक तारेचा आणि बाकी माझ्या तक्त्यांचे.

थोरली शेवटच्या पाऱ्यापासून मागे येते आहे, तिचा सव्विसावा पारा काल पूर्ण झाला. आपांनी मागचे चारही ऐकले. अठ्ठाविसाव्यात एक चूक. धाकटा जोडाक्षरांवर आलाय, अरबी लिहायला जानेवारीत सुरुवात केली, ठिपक्यांची गरज उरली नाही. मोठा काफ तिघांपैकी फक्त त्यालाच येतो.

अडलेलं: मधल्याचं अक्षर, आणि त्याला एकट्यानं वाचत बसवणं. इंग्रजी तिघांचं एकत्र घ्यायचा प्रयत्न दोनदा केला, दोनदा सोडला. एप्रिलमध्ये वेगवेगळं करून बघणार. शेंडेफळला आता ज्वारीचा डबा पुरत नाही, सकाळी तीही पाटी घेऊन सतरंजीवर येऊन बसते. पहिली वीस मिनिटं तिचीच आहेत, पण त्यात आता काय करायचं ते ठरवायचं आहे.

थोरलीनं आज आपणहून विचारलं, मधल्याला रोज एक पान मी वाचून घेऊ का. मी आठवडाभरानं सांगते म्हटलं. आधी तिची मंजिल.